निळ्या डागाची नोट

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या खिशात चुरगळलेली नोट सापडली. हात आपोआप चालले. वर फडकं घातलं, इस्त्री फिरवली आणि गरम नोट टाचणीनं त्याच खिशाला लावली. इस्त्रीकाकांची शिकवण, पन्नाशी आली तरी हातातून गेली नाही.

मग लहानपणी त्यांच्या दुकानात राबायचो ते शनिवार आठवले. मजुरी ते कधी हातात देत नसत. माझा सदरा इस्त्री करून त्याच्या खिशात गरम नोट ठेवायचे. ताई, ती नोट दर वेळी तीच असायची, कोपऱ्यावर निळा डाग असलेली. मी ती आईला द्यायचो, पुढच्या शनिवारी पुन्हा माझ्या खिशात! देवानं माझ्यासाठी एकच नोट राखून ठेवली आहे, असं मी धरून चाललो होतो. एका शनिवारी मात्र वेगळीच निघाली. देव रागावला म्हणून मी पाण्याच्या पिंपामागे बसून रडलो. त्याचा उलगडा आजही झालेला नाही.

आता तुझं. भाचीला दुकानात घे म्हणतेस. नोकरी सुटल्यापासून ती खोलीबाहेर येत नाही, हे वाचून जीव तुटला. पण कोपऱ्यावर यंत्राची लाँड्री निघाल्यापासून माझं निम्मं काम गेलं. तिला देऊ काय? आणि फुकट राबवून घेणं माझ्या हातून होणार नाही. रागावू नकोस. माया पातळ करू नकोस.

तुझा धाकला


१९ जानेवारी

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

तुझ्या देवाचा पत्ता मला ठाऊक आहे. तो हमाली करायचा आणि घरी आला की आधी पाठ शेकून मागायचा.

वर्गातली पोरं तुझ्या तोतरेपणाला हसली आणि तू बोलणंच टाकलंस, आठवतं? तेव्हा बाबा इस्त्रीकाकांकडे गेले. काका म्हणाले की पोराला ठेवतो, पण मजुरी परवडायची नाही. बाबा म्हणाले की मजुरी माझी, फक्त हात तुमचा असू द्या. तू आईला दिलेली नोट आई बाबांना द्यायची आणि शुक्रवारी मीच ती मुठीत लपवून दुकानाच्या मागच्या दारी पोचवायचे. डाग माझ्याच दौतीचा.

तू रडलास त्याच्या आदल्या दिवशी काकांनी नोट घेतलीच नाही. पोरगं आता गिऱ्हाइकांशी बोलतं, यापुढे त्याची मजुरी मी देईन, असं सांगून मला परत पाठवलं. वेड्या, ती तुझी पहिली खरी कमाई, आणि तू पिंपामागे!

बाबांनी शपथ घातली होती. आज मोडली. सोबत नोट पाठवते आहे, हौसेनं तिलाही निळा ठिपका दिलाय. तुझ्या हातून दे. माझं नाव काढलंस तर याद राख. पोरगी बुधवारी येते आहे.

तुला ओरडण्याचा हक्क राखून असलेली,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकान अर्धं बंद केलं आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आकाशातून येते वाटायचं ती नोट बाबांच्या पाठीवरून येत होती. त्या दिवसांत ती मोडायची वेळ किती वेळा आली असेल! कुणी मोडली नाही. तेवढ्याशा कागदातून माझी वाचा उभी राहिली, धंदा उभा राहिला. देवापुढे हात जोडले तर समोर बाबाच.

भाची पहिले दिवस मुक्यानं घड्या घालत होती. शनिवारी तुझी नोट गरम करून तिच्या जाकिटात ठेवली. तिनं ती मामीकडे ठेवायला दिली, मामीनं गुपचूप मला. अशी आमच्याही घरात ती फिरली. विजेचं बिल आलं तरी हात लावला नाही. आता पोरगी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते. परवा डॉक्टरांना सुनावलं की खिशात पेन ठेवून कोट दिलात तर डागाचे पैसे वेगळे पडतील. डॉक्टरांनी निमूट दिले, वर साऱ्या दवाखान्याचे कोट तिच्याकडे लावून दिले.

आज तिची मजुरी गल्ल्यातून दिली. तिनं नोट उलटसुलट करून पाहिली आणि आज आईची नाही का, असं विचारून हसली. तुझ्या शाईचा ठिपका तिनं पहिल्याच शनिवारी ओळखला होता. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती म्हणे.

तुझी नोट या पाकिटात परत पाठवतो आहे. इस्त्री केली आहे. तुझ्यापर्यंत पोचेतो गार होईल, तेवढं समजून घे.

तुझा,
धाकला