तीन नंबरचं सागवान

४ नोव्हेंबर २०२५
सुताराला शेवटी निरोप धाडला. वरच्या खोलीत लाकडी जमीन करायचीच, क्लास घरीच आणायचा! लेक तेजश्री कथक शिकवते त्या भाड्याच्या हॉलला शहाबादी फरशी. दगडावर पाय आपटून पोरीची टाच ठणकते. बोलत नाही, पण जिना उतरताना लंगडते. माजलगावात आमच्या ओळखीत कुणाकडे लाकडी जमीन नाही. आमची ही, विमल, म्हणाली, "मग ज्वारी कुठं वाळवायची?" हिला सपाट जागा दिसली की वाळवण आठवतं!

६ नोव्हेंबर
धोंडीराम सुताराबरोबर वखारीत गेलो. सागवानाच्या फळ्यांचे तीन दर्जे. एक नंबर — गाठ नाही, रंग सगळीकडे सारखा. दोन नंबरला बारीक गाठी. तीन नंबर म्हणजे गाठीच गाठी, काळपट रेघा, एक फळी गोरी तर शेजारची सावळी. मी तिथंच सांगून टाकलं — एक नंबर! चौतीस वर्षं मास्तरकी केली, दर्जा काय असतो ते मला कुणी शिकवू नये.

धोंडीराम डोकं खाजवत म्हणाला, "सर, ह्यो दर्जा नुसता तोंड बघून ठरवतेत. गाठ म्हंजी फांदीची जागा. घट्ट असली की लई टिकती. हलती गाठ मी बाजूला काढतो, वाळवी लागंल असलं पांढरं लाकूड बी काढतो. मग तीन नंबर कावून नको?"

कावून म्हणजे? तीन नंबर आहे म्हणून!

पण एक नंबरचा माल वखारीत पुरेसा नाही. चंद्रपूरकडून येईल म्हणे, पंधरा दिवसांत. थांबू.

७ नोव्हेंबर
तेजश्री म्हणाली, "बाबा, गाठी चालतील मला. पायाखाली बघतंय कोण? फक्त लवकर करा." मी म्हणालो, माझी पोरगी थर्डक्लासवर नाचणार नाही. घुंगरू उचलून क्लासला गेली. पटलं असावं.

२४ नोव्हेंबर
माल नाही. वखारवाला — "आज-उद्या, सर."

९ डिसेंबर
अजून नाही. धोंडीरामचा फोन. "तीन नंबरच्या फळ्या निवडून ठिवल्यात. चार-पाच दिवसांत ठोकून देतो." नको म्हणालो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! इतके दिवस थांबलो, आणखी थोडे.

१७ डिसेंबर
तेजश्रीला आज पाय टेकवेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला बारीक चीर. सहा आठवडे नाच बंद. "दुखत असताना त्याच फरशीवर कशाला नाचलात?" डॉक्टर तिला विचारत होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसलो.

सव्वीस मुली शिकतात तिच्याकडं. पुण्याची नोकरी सोडून तिनं इथं क्लास मांडला. तो बंद पडला तर माझ्यामुळं पडेल. लाज वाटते. लिहितानासुद्धा वाटते.

घरी आल्यावर विमल एवढंच म्हणाली, "आला का तुमचा एक नंबर?"

१८ डिसेंबर
सकाळीच धोंडीरामच्या दारात. म्हणालो, तीन नंबर, आजच्या आज सुरू कर. त्यानं एका शब्दानंही टोमणा मारला नाही. उपकार त्याचे.

२३ डिसेंबर
झाली जमीन! खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर फळ्या. अनवाणी चार फेऱ्या मारल्या. गार लागत नाही, पाय टाकला की किंचित दबते. एका मोठ्या गाठीवर टाच आपटून बघितली — टणक! आणि दिसते काय सुरेख. कबूल करायला जड जातं, पण दिसते.

संध्याकाळी मुली आल्या. तेजश्री खुर्चीवर, पाय स्टुलावर, हातानं ताल देत बोल म्हणत होती. मुलींनी खोली दणाणून सोडली. विमल खालून ओरडली, "छत पाडता का गं!" क्लास चालू राहील.

२४ डिसेंबर
तेजश्रीला म्हणालो, चुकलो बाई, तुझं ऐकायला हवं होतं. ती पायाला पट्टी गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "दहावीला मला त्रेचाळीस टक्के पडले, थर्डक्लास, तेव्हा तुम्ही माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता, बाबा."

आठ नाही. अकरा.