धुमसता डोंगर आणि साडूचा कान

२६ जानेवारी २०२६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: सूड.

दौंडला साडूचा सत्कार झाला. साडू म्हणजे हौसराव. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टायरचं दुकान, पोट अजिबात नाही. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आला. पायथ्यापर्यंत! वर गेलाच नाही. तरी शाल, नारळ, चौकात फ्लेक्स. माइक हातात आल्यावर हा शहाणा म्हणाला, की आमचे थोरले साडू बिरदेवराव यांनाही नेणार होतो, पण त्यांना बिरोबाच्या नऊ पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागतं.

सगळे हसले. सासूबाई हसल्या. माझी मुलगी हर्षदा सगळ्यात जास्त हसली. सोनमने, म्हणजे बायकोने, पदर तोंडाला लावला होता. तो कशासाठी हे मला कळतं.

वर सासूबाईंनी जाहीर केलं, की मे महिन्यात धोंड्याचा महिना लागतोय, यंदा धोंडे जेवणाला पहिला पाट हौसरावांचा. लग्नापासून पाच धोंड्याचे महिने आले, पाचही वेळा पहिला पाट माझा. थोरला जावई मी. तो पाट मी परत घेणार. बघाच.

२ फेब्रुवारी
ठरलं. जागृत ज्वालामुखी. इंडोनेशिया. चार दिवस, पाठीवर पंधरा किलो, धुमसत्या डोंगराला पूर्ण प्रदक्षिणा. बर्फात काय, कुणीही जाईल. फ्रिजात भाजीपण राहते.

डोंगराचं नाव इथे लिहीत नाही. ही वही सोनम वाचते असा संशय आहे, आणि सोनमने वाचलं म्हणजे दौंडने वाचलं.

आबांना सांगितलं. वडील म्हणून आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी विचारलं, तिथं चारा काय असतो? राख असते म्हटलं. मग कशापायी जायचं, म्हणाले. आबा चाळीस वर्षं मेंढरांमागे न्हावऱ्यातून कोकणात चालत जात. त्याला ट्रेक म्हणत नाहीत, गरिबी म्हणतात. हे मी कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी
सॅक आली. साठ लिटर, भगवी. पट्ट्या एकूण सतरा. बावीस मिनिटांत अंगावर चढली, उतरवायला सोनमला बोलावलं. उद्यापासून रोज पाच किलोमीटर.

१६ फेब्रुवारी
थंडी.

१७ फेब्रुवारी
कंपनीत स्टॉक-टेकिंग. स्टोअर सुपरवायझर म्हणजे दिवसभर उभंच. उभं राहणं हेही ट्रेनिंग आहे, असं एका व्हिडिओत सांगितलंय.

८ मार्च, रविवार, सकाळी ६
पहिलं ट्रेनिंग! सॅकमध्ये पंधरा किलो पेंड भरली. गाय बघत होती.

सकाळी ६.४०
परत आलो. चपाती खाऊन पुन्हा जाणार.

रात्री ९
गेलो नाही. हौसरावच्या नावाने पाच शिव्या दिल्या, त्यानेही दम लागतो.

२१ एप्रिल
पुण्याला पासपोर्टची अपॉइंटमेंट होती. काल नव्या बुटांनी अंगठ्याचं नख काळंनिळं केलं, म्हणून गेलो नाही. पासपोर्ट काय, कधीही निघतो. नख एकदाच असतं. हर्षदा म्हणाली, पप्पा, पासपोर्टशिवाय बारामतीपर्यंतच जाता येतं. ही जीभ दौंडकडची.

९ मे
आज महत्त्वाचं काम झालं. फ्लेक्स छापून घेतला.

जायच्या आधीच का, असं सोनमने विचारलं. अगं, जूनमध्ये शिरूरच्या फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसांची गर्दी असते. मजकूर: 'धुमसत्या ज्वालामुखीला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतल्याबद्दल न्हावऱ्याचे वाघ मा. बिरदेवराव यांचे हार्दिक अभिनंदन!' मी गॉगल लावून, मागे ज्वालामुखी. धूर माझ्या डोक्यातून निघतोय असं हर्षदाला वाटतं. तिला कला कळत नाही.

खरी मजा खाली आहे. शुभेच्छुकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, पोस्टाच्या तिकिटाएवढा, हौसराव. फ्लेक्सवाल्याला सांगून फोटोतला त्याचा डावा कान मुद्दाम कापायला लावला. माझ्या यशाला शुभेच्छा देतोय, तेही एका कानाने! घरी येईपर्यंत हसत होतो. जानेवारीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

२४ मे
निरोप आला. पुढच्या रविवारी संध्याकाळी धोंडे जेवण, दौंडला. मास्टर प्लॅन: न्हावऱ्यातून दौंडला चालत जायचं. सॅक घेऊन. पस्तीस-चाळीस किलोमीटर. घामाने निथळत दारात उभा राहणार, सगळ्यांदेखत सॅकमधून फ्लेक्स काढून उलगडणार. सासूबाई स्वतः पाट सरकवतील. हौसरावला चटणी वाढायला लावीन.

आबा म्हणाले, मीबी येतो, लई दिस झालं मोकळं चाललो न्हाई. वय चौऱ्याहत्तर, पायात टायरची चप्पल. वाटेत मला ओझं होईल हे मी त्यांना प्रेमाने सांगितलं. त्यांनी काठी शोधायला घेतली.

३१ मे, रविवार, पहाटे ४.१५
निघालो. आबा मागे राहतील, म्हणून मी हळू चालतो.

सकाळी ६.३०
आबा पुढे आहेत. वाट बघायला बांधावर बसलेत.

सकाळी ९.५०, रसवंतीवर
दोन्ही टाचांना फोड. चौथा ग्लास. आबांनी फोड बघून सांगितलं, बूट काढ, न्हाईतर पाय जाईल. मग त्यांनी सॅकमधली पेंड रसवंतीवाल्याच्या म्हशीला घातली. माझी ट्रेनिंगची पेंड! कलिंगडाचा टेंपो दौंडला निघाला होता, त्यात मला बसवलं. कलिंगडांमुळे सॅकला जागा नव्हती. ती आबांनी डोक्यावर घेतली. तुम्हीपण बसा म्हटलं, तर म्हणाले, चाललेला माणूस बसत न्हाई, तू हो म्होरं.

एक लक्षात ठेवलं पाहिजे: माझा निर्धार शेवटपर्यंत कायम होता. टाचा वेगळ्या, मी वेगळा.

त्याच दिवशी, रात्री ११, दौंड, गच्चीवर
झोप येत नाही. लिहून टाकतो.

टेंपोवाल्याला सासुरवाडीच्या अलीकडे थांबवलं. दुपार लिंबाखाली काढली. पाच वाजता तोंडावर, शर्टावर बाटलीभर पाणी ओतलं आणि लंगडत दारात गेलो. लंगडणं खरं होतं. सोनम आणि हर्षदा एसटीने आधीच पोचल्या होत्या. सांगितलं, न्हावऱ्यातून चालत आलो. सॅक? आबा दमले, त्यांना टेंपोत बसवलं, सॅक त्यांच्याकडे दिली.

काय तो क्षण! सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. मेहुणी मोनिकाने पायावर गरम पाणी घातलं. सासूबाईंनी हौसरावला उठवून पहिला पाट मला दिला. हर्षदाने मोबाइलवर माझ्या फोडांचा फोटो काढला आणि पप्पा, खरंच? असं विचारलं. तिच्या डोळ्यांत असं काही मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. पहिला घास उचलला.

तेवढ्यात आबा अंगणात आले. चालत. डोक्यावर भगवी सॅक.

हौसरावने पाणी दिलं. आबांनी चूळ भरली आणि भरल्या अंगणात मला विचारलं, बिरू, टेंपोत कलिंगडं टोचली न्हाईत ना?

घास हातातच राहिला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हर्षदाने मोबाइल खाली ठेवला.

आबांना वाटलं माझी काळजी करायला हवी. ते मला सांभाळून घेऊ लागले. म्हणाले, त्याला चालायची सवय न्हाई वो, तान्हा हुता तवा समदा घाट त्याला घोड्यावर कोकरांसंगं बांधून उतरवला. हर्षदाने विचारलं, पप्पा, म्हणजे तेव्हापण तुम्ही चालला नव्हता?

मग हसले.

मग सॅकमधून टॉवेल काढताना फ्लेक्स बाहेर आला. पोरांनी उलगडला. 'सुखरूप परतल्याबद्दल.' हौसराव बराच वेळ शेवटच्या रांगेकडे बघत होता. मग स्वतःचा डावा कान चाचपला. नंतर पहिल्या पाटावर त्याने आबांना बसवलं आणि पाया पडला. मी उठलो होतोच.

१ जून
हौसराव दिवाळीनंतर आबांच्या जुन्या वाटेने कोकणात चालत जाणार. आबा वाट दाखवणार. हर्षदा जाणार. सोनमसुद्धा जाणार! गाईला कोण बघणार, यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकार देणार आहे. योग्य वेळी.

७ जून, रविवार
न्हावऱ्याच्या स्टँडवर सकाळी फ्लेक्स लागला. हौसरावने पाठवलेला. आबा काठी घेऊन उभे, मागे खराखुरा घाट. 'चाळीस वर्षं सह्याद्री पायाखाली घालणारे आमचे आबा.' लोक थांबून फोटो काढतायत. कंपनीच्या बसमधून सगळ्यांना दिसणार.

आबांना दाखवायला नेलं. त्यांना लांबचं नीट दिसत नाही. फ्लेक्सला नाक लावून बराच वेळ बघितलं, आणि खालच्या रांगेत शेवटी बोट ठेवून विचारलं, ह्यो कान तुटलेला कोण हाय?

हर्षदा म्हणाली, पप्पा.