हिरामणचा ताप आणि नवा खाटीकखाना

३ नोव्हेंबर १९८६
हिरामणचं अंथरूण सकाळी पुन्हा घामानं भिजलेलं. नात विचारते, "आजी, बाबांना काय झालंय?" म्हटलं, आळस झालाय! पोरगा हसला नाय. कंबर धरून उठला, बकरी कापायला गेला. चौथ्यांदा आला हा ताप. आठ दिवस येतो, आठ दिवस जातो. हिवतापाच्या गोळ्या झाल्या — फरक शून्य.

६ नोव्हेंबर
कमिटीचे साहेब येऊन गेले. जुना खाटीकखाना बंद, नवा गावाबाहेर माळावर. कारण काय, तर बंगल्यांना वास येतो. मी लग्न होऊन आले तेव्हा आजूबाजूला नुसतं खाजण होतं, खाडीचा खारा चिखल. बंगले मागून आले, नाकं घेऊन!

नकाशा पसरला. बकऱ्यांना पाणी प्यायला हौद काढलेला. मी विचारलं, "आणि माणसानं हात कुठं धुवायचे?"
"आजी, ते पुढच्या टप्प्यात."

खरी गोष्ट जाताना काढली — डॉक्टरची चिठ्ठी असेल त्यालाच नव्या जागेत काम. ताप निघाला की घरी.

९ नोव्हेंबर
सून शकू रडते. "आत्याबाई, ह्यांना दुसरं काय येतं?" म्हटलं, "डोळे पूस गो. तपासणीआधी ताप उतरायच्या दोन गोळ्या देऊ. अंग गार पडेल."

११ नोव्हेंबर
पास! रोह्याहून डॉक्टरीण आलेली, तरुण पोरगी. थर्मामीटर बघून म्हणाली ठीक आहे. मग विचारते, "सोलताना सुरी कुठं ठेवता?"
हिरामण म्हणाला, "दातात. दोन्ही हात कातड्यात असतात ना. सगळेच तसं करतात."
ती लिहायची थांबली. म्हणे बकऱ्यांचा एक ताप रक्तातून माणसाला लागतो, तोंडावाटे जातो. "ताप येतो का तुम्हाला?"
"नाय."
मी बाकड्यावरून म्हटलं — नाय.

सुरी दातात धरायला त्याला मीच शिकवलं, बाप गेल्यावर. तो पट्ट्यात खोचायचा, तर मी हसले होते.

१२ नोव्हेंबर
जेवण गेलं नाय.

१४ नोव्हेंबर
हिरामणला उठवेना. बरोबरचा केरू बोलवायला आला. म्हटलं, "काल जास्त प्याला." दारूला शिवत नाय माझा पोरगा! केरूला ठाऊक. तरी मान डोलवून गेला.

१५ नोव्हेंबर
दात दाखवायला जाते सांगून एसटीनं रोह्याला गेले. डॉक्टरीणबाईपुढं सगळं ओकले. "कामावरून काढा, पण जिवंत ठेवा." ती म्हणाली, एकट्याचं नाय, खाटीकखान्यातल्या अकराही जणांचं रक्त तपासणार.

हिरामणला सांगितलं. "आये, भाकरी काढलीस माझी!" म्हणाला नि भिंतीकडं तोंड केलं.

१९ नोव्हेंबर
सगळ्यांचं रक्त घेतलं. मीच सांगितलं हे गावभर झालं; नळावर बाया मला बघून हंडे बाजूला सारतात. केरूची बायको रंभा मला बघून थुंकली. मी पण थुंकले — तिच्यापेक्षा लांब.

२७ नोव्हेंबर
कागद आला. अकरातल्या नऊ जणांना तोच ताप. आता कबूल करतात, नऊच्या नऊ जणांनी ताप उतरायच्या गोळ्या खाऊन तपासणी दिलेली! आत्ता रंभा दारात उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाय. विचारते, "काकी, औषध किती दिवस घ्यायचं असतं?"