जिनिंगपर्यंत, न थांबता

राळेगाव, गुरुवार संध्याकाळ

धावलो. घरापासून कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत, एकदाही न थांबता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा सूज आली तर पळणं कायमचं विसरा. म्हणून निघताना उजव्या गुडघ्याला मनोमन नमस्कार केला. इतक्या भक्तीने मी कधी संध्याही केलेली नाही.

पण आमच्या गावात माझ्यासारखा वार्ताहर पळताना दिसला, म्हणजे कुठंतरी काहीतरी घडलंच. शेतातून परतणाऱ्या रमेशभाऊंनी मोटरसायकल शेजारी घेतली.

"काय झालं, सर? बसा मांगं."

"काही नाही. व्यायाम करून राह्यलो."

"आमाले नोका सांगू. कुठं पेटलं?"

बसावं का? गुडघा कुरकुरत होताच. पण बसलो असतो तर पुन्हा उठून पळण्याची हिंमत झाली असती? पळतच राहिलो. जिनिंगच्या फाटकाशी वळून पाहिलं, तर मागे चार-पाच मोटरसायकली, सगळे बातमीच्या आशेवर. कुठंच काही पेटलेलं नाही हे पाहून रमेशभाऊ तर फारच हिरमुसले.

मी पळू नये म्हणून माझे बूट वर्षभर माळ्यावर टाकून ठेवणारी बायको आत्ताच गुडघा चाचपून गेली.

"सूज नाही. उद्या जाल तेव्हा लोकांसाठी एखादी बातमी तरी घेऊन जा."

उद्या जाल, म्हणाली. स्वतःहून.