चांदणीच्या शाळेतलं ताट

कन्या वसतिगृह, हट्टा
दि. १९ सप्टेंबर २००४

ती. प्रज्ञेशदादास,
ऐश्वर्याचा सप्रेम जय भीम. वि. वि. मी खुशाल आहे, पण तुझ्यावर लई चिडलेली आहे. तिसरं प्रकरण येऊन महिना झाला, चौथं कुठाय? तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीतलं ते जादूच्या शाळेचं इंग्रजी पुस्तक तू मराठीत करून धाडतोस, म्हणून खोलीतल्या समद्या पोरी पोस्टमनची वाट बघून राहिल्यात. अन् तुला मित्रांसंगं चहा प्यायला बराबर वेळ भेटतो!

त्या पुस्तकातल्या चांदणीच्या शाळेत ताट आपला मालक ओळखतं, दुसऱ्या कोणाला वाढून घेऊ देत न्हाई, हे वाचल्यापासून आमी समद्यांनी खिळ्यानं ताटावर नावं कोरलीत. त्यात पडते मात्र तीच पातळ डाळ. हसू नको.

खरी तकलीफ वेगळीच आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरची पुजा, तांड्यावरची, राखीला आलास तवा तू तिला बघितलंस. तिचे बाबा वसरामकाका दसऱ्यानंतर टोळीसंगं ऊसतोडीला जाणार. तिच्या वहिनीचं लेकरू सांभाळायला पुजाला नेतो म्हणतात. पुजानं त्यांना सांगितलंय की चालू गोष्ट संपल्याबिगर मी हलत न्हाई, अन् ते हसून बरं म्हणालेत. म्हणून सांगते, दिवाळीपर्यंत गोष्ट लांबव. एकदा टोळी गेली की तिची शाळा वाचली.

पुढचं प्रकरण आलं की लोभ वाढंल, तोवर आहे तेवढाच.
तुझी, ऐशू


औरंगाबाद
दि. २० सप्टेंबर २००४

चि. ऐशूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नाही, रुसलीस वाटतं. इथं माझी परीक्षा डोक्यावर आली आणि लायब्ररीवाल्यानं पुस्तक परत घेतलं. निम्मंच वाचून झालं होतं. काय करणार? राहिलेली गोष्ट मीच उरकून टाकली. काळा मांत्रिक तळ्यात बुडाला. सुट्टी लागली. चांदणी बिनवल्ह्याच्या होडीतून घरी गेली. तळ्यापलीकडं जादू चालत नाही, म्हणून ती घरी सुखानं भाकरी थापू लागली. संपलं!

आता तो नाद सोड आणि बीजगणिताकडं बघ.

राग आलाच तर मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे नीट वाचता येईल. माया आहेच.
तुझा दादा


हट्टा
दि. २६ ऑक्टोबर २००४

ती. दादास,
जय भीम. मोठ्या अक्षरातच लिहिते. तू लई वाईट केलंस.

आपली पत्रं वाटेतच एकमेकांना ओलांडून गेली. तुझं पाकीट पुजानंच माझ्या हातातून ओढलं अन् खोलीभर मोठ्यानं वाचलं. भाकरीपाशी आली अन् कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, दादाला भूक लागली असंल, नवीन शेवट मागवते. अन् माझं पत्र वाचून तू काय धाडलंस? पेपर झाल्यावर बघतो, एवढंच एक कार्ड!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वसरामकाका आले. गोष्ट चालूच हाय म्हण, असं मी तिला दहादा बजावलं होतं. पण बापाशी खोटं बोलायला ती न्हाई म्हणाली. चांदणीबी घरी गेलीच की, एवढं बोलली अन् पेटी घेऊन टेम्पोत बसली. मी वॉर्डनबाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, त्यांचं लेकरू, आपण कसं अडवणार? काहून अडवायचं न्हाई? गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडतात!

घाईत ताटबी विसरली. मेसच्या धुरपताबाई ते नव्या पोरीला देऊन राहिल्या होत्या, मी हिसकून घेतलं. आता माझ्या गादीखाली हाय. बघितलं की डोकं फिरतं.

लोभ सध्या बंद आहे.
ऐश्वर्या


ऊसतोडीचा तळ, सांगलीकडं
दि. २ जानेवारी २००५

प्रिय मैत्रीण ऐश्वर्या,
पुजाचा जय सेवालाल. तुझ्या दादावर रागावू नको असं लिहिणार होते, पण मलाबी राग हाय. दिवसभर वहिनीचं पोरगं कडेवर, चुलीचा धूर डोळ्यात. कोण म्हणतं सुखानं भाकरी थापली?

दिवस मावळला की कोप्यांतली, म्हंजे तळावरच्या झोपड्यांतली, लेकरं गोळा करून मी चांदणीची गोष्ट सांगते. दादाचा शेवट सांगितला तर लेकरांनी मला उसाच्या पाचटानं मारलं! मग मीच बदलला. मांत्रिक बुडालाच न्हाई. भाकरी थापून थापून चांदणीला वैताग आला. सुट्टी संपली की होडी तिला न्यायला येते. लेकरं रोज इचारतात, होडी आली का? मी म्हणते, ऊस संपू द्या.

दादाला म्हण, असंच लिहून ठेव, न्हाईतर मी लेकरांपुढं खोटी पडंन. बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मी बघणार न्हाई, येणार हाय. खाट दुसरीला दिली असली तर असू दे, मी खाली झोपंन.

लोभ सांभाळून ठेव, अन् माझं ताटबी. ते मी विसरले न्हाई, ठेवून आले.
तुझी, पुजा