शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. तीन वर्षांत घातला नाही तो सगळा एकदम घालतोय, मोजून घ्यावा. तुमचा डावा गुडघा कसा आहे? ताईचं ब्लडप्रेशर? आम्ही दोघं ठीक आहोत. पत्राला विशेष कारण नाही. गेल्या पंधरवड्यात तुमच्या फोनवर महसूल खात्याचे मेसेज आले असतील (माझ्या हिशेबाने अकरा), प्रत्येकात सहा आकडे आणि खाली ‘हा ओटीपी कुणालाही सांगू नका’ अशी तंबी. घाबरू नका. तुमचा कर थकलेला नाही, तुमच्या खात्यावर कुणी डल्लाही मारत नाहीये. तो मी होतो. हे कळवणं कर्तव्य आहे म्हणून लिहितो, बाकी माझं तुमच्याकडे काही काम नाही.

झालं असं, की कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांचे चारशे खंड बांधायचं काम दर वर्षी आपल्याच दुकानाला मिळतं, ते तुम्हाला माहीत आहे. सहा महिने त्याच्यावर निघतात. यंदा नवे ग्रंथपाल आले आणि म्हणाले, महसूल खात्याकडे दुकानाच्या नोंदणीचं नूतनीकरण झाल्याचा दाखला आणा, नाहीतर काम दुसऱ्याला. मी म्हटलं, त्यात काय, आणतो. तर आता खिडकीवर कागद घेतच नाहीत, सगळं ऑनलाइन. आणि मुदत या महिनाअखेरपर्यंत. दुकानाचं ऑनलाइन खातं आठ वर्षांपूर्वी तुम्हीच उघडून दिलं होतं आणि पासवर्ड मला लिहून दिला होता. तो मी खळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला होता (सुरक्षित जागा म्हणून). सुरक्षित होताच. आठ वर्षांत त्याच्यावर इतकी खळ साठली की परवा खरवडायला गेलो तर पासवर्डचाच पुठ्ठा निघाला.

मग ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावर गेलो. त्याने आधी मी माणूस आहे का ते विचारलं. वेडीवाकडी अक्षरं दाखवून ती ओळखा म्हणाला. चाळीस वर्षं वाळवीने खाल्लेली पानं जुळवणाऱ्या माणसाला ती अक्षरं चार वेळा चुकली. पाचव्यांदा माणूस ठरलो. मग म्हणे, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस. भाऊजी, माझ्या मोबाइलच्या शेवटी एकोणीस आहे! तरी फोन हातात घेऊन वाट बघत बसलो, न जाणो. नाही आला. पुन्हा पाठवा म्हटलं. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही आला. असे चार दिवस रोज दोन-तीन. शेवटी ‘मदत’ या शब्दावर बोट ठेवलं, तर पाटी आली: मदतीसाठी कृपया आधी लॉगिन करा. मी अर्धा तास त्या पाटीकडेच बघत बसलो. हिला (आमच्या सौभाग्यवतीला) वाटलं मला चक्कर आली.

हेल्पलाइनलाही फोन केला. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, असं एक बाई दर मिनिटाला इतक्या मायेने सांगायची की फोन ठेवणं जिवावर यायचं. फोन स्पीकरवर ठेवून मी शिवणीला बसलो आणि सासूबाईंनी सांगावं तशा तिच्या सूचना ऐकत दोन खंड पुरे केले. तिसऱ्याच्या पाठीला कापड लावताना खरा माणूस आला, म्हणाला, नंबर जुना असेल तर जिल्हा कार्यालयात मदत कक्ष आहे, तिथे जा, आणि मी ‘कुठल्या मजल्यावर?’ विचारेपर्यंत गेलासुद्धा.

दुसऱ्या मजल्यावर आहे. चार नंबरच्या काउंटरवर एक बाई बसतात, चष्मा साखळीला लावलेला, पुढ्यात स्टेपलर आणि पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र. माझी सगळी कहाणी त्यांनी न कंटाळता ऐकली (त्या कार्यालयात हे पहिल्यांदाच घडलं असावं). पडद्यावर बघून म्हणाल्या, नंबर दिसतोय, पण सांगायची परवानगी नाही.

“मग?”

“तुम्ही सांगा. मी हो किंवा नाही म्हणते.”

मी घरून फोनची डायरी धुंडाळून गेलो होतो. सत्तेचाळीसवाले दोनच सापडले होते, पुठ्ठेवाला आणि दाताचा डॉक्टर. दोन्ही सांगितले. नाही, नाही. खरं सांगायचं तर डायरीतलं ‘भ’चं पान मी बघितलंच नव्हतं, कारण ते बघता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या निवृत्तीच्या समारंभातून घरी येऊन मी ते पान पुढच्या पानाला खळीने चिकटवून वर वजन ठेवलं होतं. आणि बाईंच्या समोर उभा असताना माझ्या तोंडून, न आठवता, दहाच्या दहा आकडे बाहेर पडले.

“हो,” बाई म्हणाल्या. “पाठ आहे, म्हणजे रोजचं बोलणं दिसतंय. करा फोन त्यांना. ओटीपी पाठवते, दहा मिनिटं चालतो.”

फोन घेऊन मी बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी गेलो. भाऊजी, आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. तुमच्या पाणीपुरवठा खात्यातल्या आठवणींचं हस्तलिखित मी बांधलं, त्यात सोळा पानांचा एक अख्खा फर्मा उलटा शिवला गेला, आणि तुमच्या निवृत्तीच्या समारंभात भरल्या सभेत एकोणपन्नासाव्या पानावर तुम्हाला वही उलटी धरून वाचावं लागलं. चूक माझीच होती. तुम्ही म्हणालात, बांधणाऱ्याचं डोकंही तसंच आहे. त्यावर मी जे बोललो (मजकूर दोन्ही बाजूंनी सारखाच कळतो) ते बोलायला नको होतं. लोक हसले आणि मला त्या हसण्याची गोडी वाटली, ती जास्त वाईट. हे सगळं पिंपापाशी नीट जुळवून ठेवलं, पण अंगठा काही हिरव्या बटणापर्यंत जाईना. दहा मिनिटं संपली.

आत येऊन म्हणालो, “फोन लागत नाहीये.”

“लावलाच कुठे?” बाई म्हणाल्या. “मधे काच आहे, दिसतं सगळं.”

मग त्यांनी आपणहून नंबर बदलायचा फॉर्म काढून दिला. ओळखपत्र जोडा, माझा नंबर लिहा, चार दिवसांत काम होईल, जुन्या नंबरवाल्याला विचारायचीही गरज नाही. इतकं सोपं होतं! म्हणजे यापुढे तुम्हाला मेसेजचा त्रास होणार नाही. हे कळवण्यापुरतंच हे पत्र. ताईला नमस्कार, गुडघा जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. फॉर्म मी भरलेला नाही. बाईंसमोर पेन काढलं, जुना नंबर काढून टाका अशा रकान्यात खूण करायची होती, ती होईना. आता चार दिवसही उरलेले नाहीत.

ता. क. २. हे पत्र हिने वाचलं (मी दाखवलं नव्हतं) आणि मला आत्ता कळतंय की ही आणि ताई तीन वर्षं रोज दुपारी फोनवर बोलतात. त्या मेसेजमध्ये म्हणे आमच्या दुकानाचं नाव येतं. ताईने सांगितलं की तुम्ही अकराही ओटीपी वहीत तारीख-वेळेसकट उतरवून ठेवलेत, आणि प्रत्येक मेसेजनंतर फोन पुढ्यात ठेवून बसता, ताई उचलायला गेली तर म्हणता, राहू दे, मी बघतो.

ता. क. ३. ते अकरा आता चालत नाहीत, खोडून टाका. सोमवारी सकाळी अकरा वाजता बारावा येईल, लगेच मागोमाग माझा फोन. मंगळवारी मुदत संपते. आकडे आधी सांगा, मग काय बोलायचं ते बोला, मी ठेवणार नाही.