तुझी एक सही

दादा,

बाबांच्या सातही जुन्या बंदुका आज मी पोलीस ठाण्यात जमा केल्या. बाबा गेले, आणि संग्राहकाचा परवाना माणसाबरोबर संपतो. तो माझ्या नावावर व्हायला दुसरा वारस म्हणून तुझी हरकत नसल्याची एक सही हवी होती. तू ती दिली नाहीस, फोनवर हसलास, "बाईमाणसाला बंदुका कशाला गं?" अरे, त्या उडवायच्या नसतातच! घरात काडतूस ठेवायलाही मनाई असते. वीस वर्षं त्यांना तेल मी दिलं, दरवर्षी तपासणीला नोंदवही मी दाखवली. तुला सातांतली एक तरी ओळखता येईल का?

हवालदारांनी नळीत डोकावून विचारलं, "ताई, कुठेच गंज नाही. कोण पुसायचं?"

सवयीने मी तुझं नाव सांगितलं. तुझ्यापेक्षा माझाच जास्त संताप येतोय. हे पत्र तुला न पाठवता नोंदवहीतच ठेवतेय.

तेलकट हातांची,
तुझी धाकटी